दवाखान्यात आपलं माणूस

(माहूर येथे संत गाडगेबाबांच्या पुण्यतिथीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गाडगेबाबांनी जागोजागी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची आपल्याला ठाऊक असते, कारण आपण किंवा आपल्या घरचं कुणीतरी तिथे उतरलेलं असतं. पण 1954 साली, म्हणजे देह ठेवण्याच्या दोन वर्षं आधी, बाबांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ एक धर्मशाळा उभी केली. तिचं नाव आपल्याकडे फारसं निघत नाही. तिथे जवळ देऊळ नव्हतं, नदीचा घाट नव्हता. दवाखान्यात आणलेल्या माणसाच्या नातेवाइकाला पाठ टेकायला जागा असावी, एवढ्याचसाठी ती होती. जे. जे. रुग्णालय 1845 पासून चालू होतं. शंभरावर वर्षं लांबलांबची माणसं तिथे आपले रुग्ण घेऊन येत होती. रुग्णाला खाट मिळायची. त्याच्यासोबत आलेल्यानं रात्र कुठे काढायची, याचं उत्तर दवाखान्याच्या नकाशात नव्हतं. ते बाबांनी दिलं.

बाबांच्या दहा सांगण्यांत रोग्याला औषधोपचार आहे, बेघराला आसरा आहे आणि दुःखी, निराश माणसाला हिंमत देणंही आहे. मोठ्या सरकारी दवाखान्याच्या आवारात ही तिन्ही कामं एकाच वेळी समोर येतात. औषधोपचार डॉक्टर-नर्स करतात. उरलेली दोन कोण करतं? मी बरीच वर्षं एका शासकीय रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम केलं. तिथे ही दोन कामं करणारी माणसं मी जवळून पाहिली. त्यांना पगार नव्हता, हुद्दा नव्हता, पुष्कळदा बसायला खुर्चीही नव्हती. आज मला त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. त्यांचे आभार आपण ज्या रीतीनं मानतो, ती रीत मला मान्य नाही, तेही सांगायचं आहे.

आधी माहूरचंच घेऊ. वाई बाजारला, सिंदखेडला, वानोळ्याकडच्या एखाद्या तांड्यावर कुणाला साप चावला, कुणा बाईचं बाळंतपण अडलं, तर काय होतं हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. ग्रामीण रुग्णालयात पहिले उपचार होतात आणि मग चिठ्ठी हातात पडते, पुढे न्या. 108 ची गाडी मिळते. पुढे म्हणजे किनवट, नाहीतर सव्वाशे किलोमीटरच्या वर असलेलं नांदेड, तिथलं विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालय. काहीजण पैनगंगा ओलांडून यवतमाळला जातात, ते जवळ पडतं. काहीजण आदिलाबादला. हा हद्दीवरचा मुलूख आहे. 1956 पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, त्यामुळे इथल्या माणसाला राज्याची हद्द अडवत नाही. तो रस्ता बघतो आणि भाडं बघतो.

गाडी अपघात विभागाच्या दाराशी थांबते. रुग्ण स्ट्रेचरवरून आत जातो आणि त्याचा भाऊ किंवा सासू बाहेर उरते. हातात एक पिशवी, तीत चादर आणि भाकरीचं गाठोडं, आणि एक फोन, ज्याची बॅटरी उतरत आलेली. त्या पहिल्या दोन-तीन तासांत या माणसावर इतके प्रश्न येतात की शिकलेलाही भांबावेल. केसपेपर कुठे काढायचा? रक्ताचा नमुना हातात देऊन लॅबमध्ये पोचवायला सांगितलंय, ती लॅब कुठल्या मजल्यावर? रक्ताची पिशवी लागणार म्हणतात, म्हणजे कुणी द्यायचं? महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतं म्हणतात, पण रेशनकार्ड तर घरी पेटीत आहे. ही योजना 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्या पहिल्या आठांत आपला नांदेड जिल्हा होता. खिडकीवर आरोग्यमित्र बसलेला असतो. तो पगारी माणूस आहे आणि आपलं काम करतो. पण कार्डच नाही तर तो तरी काय करणार? त्यातून कोलामाच्या म्हाताऱ्याला मराठी तोडकीमोडकी येते, तांड्यावरची बाई गोरमाटीतच मनातलं बोलते, हद्दीवरच्या एखाद्याला तेलुगूच समजते. डॉक्टर विचारतात, दुखतंय कधीपासून? उत्तर येतं ते भलतंच, आणि तेच केसपेपरवर चढतं.

या ठिकाणी एक माणूस लागतो. त्याला औषधातलं काही कळलं नाही तरी चालेल. दवाखाना पायाखालचा हवा, घाई नको आणि समोरच्याची भाषा यायला हवी. त्याला मी स्वयंसेवक म्हणते. खेड्यातली माणसं त्याचं वर्णन जास्त नेमकं करतात, 'तिथं आपलं माणूस आहे.'

एक उदाहरण सांगते. आमच्या रुग्णालयात एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर यायचे. स्वतःहून येऊन म्हणाले, मला काहीतरी काम द्या. आम्हाला वाटलं, चौकशीच्या खिडकीपाशी उभे राहतील. त्यांनी वेगळीच गोष्ट हेरली. रुग्णाला सुट्टी मिळते सकाळच्या राउंडला, पण कागद हातात पडेपर्यंत दुपारचे चार वाजतात. शहरातल्या माणसाला त्याचं काही नसतं. आडगावच्या माणसाची मात्र गाडी चुकते. त्याच्या गावाला दिवसातून दोनच गाड्या, त्यातली दुसरी साडेतीनची. मग ते कुटुंब, टाके घातलेल्या बाईसह, आणखी एक रात्र व्हरांड्यात काढतं. या गृहस्थांना जिल्ह्यातलं एसटीचं सगळं वेळापत्रक तोंडपाठ. ते रोज सकाळी वॉर्डात जाऊन सुट्टी होणाऱ्यांची गावं विचारत आणि सिस्टरना सांगत, या तिघांचे कागद आधी करा, यांची गाडी लवकर आहे. तेवढंच काम. त्याला पैसा लागला नाही, नवी इमारत लागली नाही, कुठलं परिपत्रक निघालं नाही. सिस्टरही खूश, कारण संध्याकाळी व्हरांडा मोकळा राहू लागला. रुग्णालयाच्या कुठल्याही अहवालात हे काम कधी आलं नाही, कारण त्याला रकानाच नव्हता.

मला या कामात मोठी गोष्ट दिसते ती ही. ज्ञान त्या माणसाचं होतं, दवाखान्यापाशी ते नव्हतं. चांगला स्वयंसेवक बाहेरचं काहीतरी आत आणतो. गावाची, भाषेची, रस्त्याची माहिती आणतो.

आता एक फार वेगळं देणं. 1989 साली मुंबईच्या सायन रुग्णालयात, म्हणजे लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली मानली जाते. दिवस भरायच्या आत जन्मलेलं, किलो-सव्वा किलोचं बाळ काचेच्या पेटीत आहे. त्याची आई आजारी आहे किंवा तिला दूध उतरलेलं नाही. वरचं दूध अशा बाळाच्या आतड्याला सोसत नाही, जंतुसंसर्ग होतो, बाळं दगावतात. तेव्हा दुसऱ्या आईचं दूध घेऊन, तपासून, तापवून, गोठवून ठेवायचं आणि या बाळाला द्यायचं. कोण देतं हे दूध? बहुतेक त्याच रुग्णालयात आलेल्या बाया. झोपडपट्टीतल्या, रोजंदारीवरच्या घरांतल्या, कित्येकींची स्वतःची बाळंही तिथेच दाखल असलेली. आपल्या लेकराचं पोट भरल्यावर उरलेलं, ज्याचं तोंडही पाहिलेलं नाही अशा लेकरासाठी त्या देतात. दानशूर म्हणून आपण ज्यांची नावं संगमरवरावर कोरतो त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण सरकारी दवाखान्यातलं सर्वांत मोलाचं दान कुणी दिलं असं मला विचाराल, तर मी या बायांकडे बोट दाखवीन. त्यांच्या नावाची पाटी कुठेच नाही.

रक्ताचं मी थोडक्यात सांगते, पण कान देऊन ऐका, कारण इथे माहूरला करता येईल असं त्यात काही आहे. एकेकाळी रक्त विकणारे असत. सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर देशात बंदी आली. तेव्हापासून रक्तपेढी चालते ती देणाऱ्याच्या मनावर. महाराष्ट्र यात देशात पुढे आहे, याचा अभिमान वाटतोच. अडचण वेगळी आहे. आपली शिबिरं जयंतीला, पुण्यतिथीला, नेत्यांच्या वाढदिवसाला होतात आणि एकाच दिवशी रक्ताच्या पिशव्यांचा ढीग लागतो. रक्त टिकतं 35 ते 42 दिवस, प्लेटलेट तर पाचच दिवस. मग एप्रिल-मे येतो. कॉलेजं बंद, माणसं लग्नसराईत, उन्हाचा कडाका, आणि पेढीतली कपाटं रिकामी पडतात. बाळंतपणं काही उन्हाळा बघून थांबत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. तेव्हा आज बाबांच्या नावानं शिबिर घेतलंत, फार चांगलं केलंत. यातल्या निम्म्या लोकांनी मे महिन्याची तारीख आजच लिहून ठेवली असती तर ते अधिक उपयोगाचं झालं असतं.

दवाखान्यात औषधापलीकडची माणसं लागतात, हे जगाला फार उशिरा कळलं. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात 1895 साली पहिल्यांदा समाजसेवेच्या कामासाठी बाई नेमली गेली, बोस्टनमध्ये 1905 साली. आपल्याकडे 1946 साली जे. जे. रुग्णालयातच पहिली नेमणूक झाली. आज शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद आहे. मी त्याच खात्यातली. या पदावर किती भार असतो ते मला माहीत आहे. बेवारस रुग्ण, योजनेचे कागद, जळालेल्या बायकांच्या अडचणी, दारू सोडवणं, मृतदेह घरी पाठवणं, सगळं त्याच टेबलावर येतं. म्हणून बाहेरच्या माणसांची साथ लागते. मुंबईत परळला नाना पालकर स्मृती समिती 1968 पासून बाहेरगावच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना राहायला जागा देते. दादरला गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयातले कर्करुग्ण उतरतात. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी विदर्भ-मराठवाड्यातून केमोसाठी गेलेला माणूस त्यांच्याच छपराखाली झोपतो. पुण्यतिथी आपण वर्षातून एक दिवस पाळतो, ते छप्पर रोज उपयोगी पडतं.

आता दवाखान्याच्या बातमीबद्दल. 2023 च्या 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबरच्या चोवीस तासांत विष्णुपुरीच्या रुग्णालयात 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बाळं होती. दोन दिवसांत आकडा 31 वर गेला. देशभरच्या वाहिन्यांची वाहनं नांदेडला आली. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. खाटा मंजूर किती आणि रुग्ण दाखल किती, रिकाम्या जागा किती, औषधखरेदी कुठे अडली, हे सगळं तेव्हा छापून आलं. ते छापून यायलाच हवं होतं. माझ्या मनाला लागून राहिलं ते पुढचं. ज्या दवाखान्यात पाच-सहा जिल्ह्यांतून आणि तेलंगणातूनही माणसं येतात, त्याची बातमी आपल्यापर्यंत येते तेव्हा मरणाचीच असते. अन्यथा एकच बातमी असते. अमुक साहेबांच्या वाढदिवसानिमित्त रुग्णांना फळवाटप. फोटोत आठ जण उभे, मध्ये खाटेवरची म्हातारी, तिच्या हातात दोन केळी, आणि ती कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नाही.

फळं देऊ नका असं मी म्हणणार नाही. भुकेल्याला अन्न हे बाबांचंच सांगणं आहे. पण त्या म्हातारीला मधुमेह असेल तर केळी चालतात का, हे सिस्टरला विचारावं. आणि तिचा फोटो छापण्याआधी तिला विचारावं. आपल्या घरची बाई अंगावर दवाखान्याचा कपडा आणि हाताला सलाईन असताना उद्याच्या पेपरात यावी, असं आपल्यापैकी कुणाला वाटेल?

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. एका लोकप्रतिनिधींनी त्या रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावलं, आणि तेही कॅमेऱ्यासमोर. स्वच्छतागृहं घाण होती, हे मी नाकारत नाही. पण आज ज्यांच्या तसबिरीला आपण हार घातला त्यांच्याही हाती झाडू होता. बाबा गावात शिरत आणि आधी स्वतः गाव झाडून काढत. कीर्तन रात्री. कुणाला खाली पाहायला लावण्यासाठी त्यांनी तो झाडू कधी दुसऱ्याच्या हाती दिला नाही. दवाखाना घाण असेल तर सफाईच्या जागा किती मंजूर आहेत, किती भरल्या आहेत, पाणी किती तास येतं, हे विचारलं पाहिजे, आणि दर महिन्याला विचारलं पाहिजे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयानं दर महिन्याला एक पान काढावं. मराठीत, मोठ्या अक्षरांत, केसपेपरच्या खिडकीपाशी आणि प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात लावलेलं. त्यात असावं: या महिन्यात इतकी बाळंतपणं झाली, सर्पदंशाचे इतके रुग्ण आले आणि इतके घरी गेले. रक्तपेढीत अमुक गटाचं रक्त कमी आहे. नर्सेसच्या इतक्या जागा रिकाम्या आहेत. हे यंत्र बंद आहे, त्याच्या दुरुस्तीचं पत्र अमुक तारखेला गेलं. आणि त्याच पानावर, रुग्णालयात इतक्या नागरिकांनी वेळ दिला, त्यांनी हे हे काम केलं. कमतरता आणि कृतज्ञता एकाच पानावर छापली तर दोन्ही खऱ्या वाटतात. नुसती कृतज्ञता छापली की जाहिरात होते.

नागरिकांनी दवाखान्यात असं लक्ष घालणं अशक्य नाही. 1994 साली सुरतच्या प्लेगनं सगळीकडे भीती पसरली, तेव्हा इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट होता. होळकरांच्या नावाचं ते अवाढव्य सरकारी रुग्णालय. ते रिकामं करून उंदीर मारले, इमारत धुऊन काढली, त्यात शहरातली माणसं उतरली. त्याच अनुभवातून पुढे तिथे नागरिक आणि अधिकारी यांची समिती झाली. पुढे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानं देशभर जी रुग्ण कल्याण समिती आणली, तिचं मूळ इंदुरात आहे. आपल्या ग्रामीण रुग्णालयालाही रुग्ण कल्याण समिती असते. तिला निधी मिळतो. तिच्या बैठका होतात का, निधी कशावर खर्च होतो, हे विचारण्याचा हक्क इथे बसलेल्या प्रत्येकाला आहे. महाराष्ट्रात 2007 पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. तिच्यात गावातल्या बाया जनसुनवाईत उभ्या राहून डॉक्टरांसमोर, अधिकाऱ्यांसमोर बोलल्या. त्या बायाही माझ्या हिशेबी रुग्णालयाच्या स्वयंसेवकच. फक्त त्यांच्या हातात फळांची पाटी नव्हती, प्रश्न होते.

आता ज्या बाईचं नाव घेतल्याशिवाय हे व्याख्यान खोटं ठरेल तिच्याकडे येते. आशाताई. 2005 साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि ती गावोगाव आली. रात्री दोन वाजता पोटुशी बाईला घेऊन 102 च्या गाडीत बसते ती. किनवटला, नांदेडला सोबत जाते ती. दवाखान्याच्या दारात भांबावलेल्या सासूला केसपेपरची खिडकी दाखवते ती. माहूरच्या आडगावातून मोठ्या दवाखान्यात पोचणारं पहिलं आपलं माणूस म्हणजे आशाताई. शासनाच्या कागदावर ती स्वयंसेविका आहे, म्हणून तिला पगार नाही. कामामागे ठरलेला मोबदला आणि दरमहा ठरावीक रक्कम आहे. 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा सन्मान केला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा मोबदलावाढीसाठी संपावर होत्या. 2024 च्या सुरुवातीला त्यांना पुन्हा संप करावा लागला, आणि मार्चमध्ये दरमहा पाच हजारांची वाढ पदरात पडली. जगाचा सन्मान मिळाला त्याला पैसा लागला नाही. वाढ मिळवण्यासाठी मात्र थंडीत आझाद मैदानात बसावं लागलं.

मी दोन गोष्टींत रेघ ओढते ती इथे. जे काम रोज करावंच लागतं, जे केलं नाही तर माणूस दगावेल, जे करताना चुकलं तर जाब द्यावा लागेल, ते काम नोकरी आहे. त्याला पगार द्या. नर्सची जागा रिकामी आहे म्हणून कॉलेजच्या मुलीला सलाईन बदलायला लावू नका. स्ट्रेचर ढकलायला मामा नाही म्हणून नातेवाइकाच्या हाती स्ट्रेचर देऊ नका, आणि त्याचं कौतुकही करू नका. स्वयंसेवकानं रुग्णाच्या बाजूला उभं राहायचं असतं, रिकाम्या पदावर नाही. चांगल्या मनाची माणसं जास्त मिळाली की सरकारला पदं भरायची घाई राहत नाही. हे मी माझ्या नोकरीत पाहिलं आहे आणि त्याचा मला फार त्रास झाला आहे.

उलट स्वयंसेवकाकडूनही काही अपेक्षा ठेवल्या पाहिजेत. केरळनं हे चांगलं केलं. कोझिकोडला 1993 साली डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांची वेदना कमी करण्याचं काम सुरू केलं. पुढे 2001 पासून मलप्पुरम जिल्ह्यात शेजारपाजारच्या लोकांनी ते अंगावर घेतलं. रिक्षावाले, शिक्षक, विद्यार्थी. पण त्यांना आधी शिकवलं जातं. जखम कशी बघायची, रुग्णाचं गुपित कसं जपायचं, खोटी आशा कशी द्यायची नाही, आणि गप्प कधी बसायचं. 2008 साली तिथल्या सरकारनं या कामाचं धोरणच केलं. आपल्याकडे मनापासून येणाऱ्या मुलाला आपण ओळखपत्रही देत नाही. तो क्षयाच्या वॉर्डात मास्कशिवाय फिरतो. त्याला कावीळ-ब ची लस द्यायला हवी, हे कुणाच्या मनात येत नाही.

मग आभार कसे मानायचे? शाल-श्रीफळ द्या, माझी हरकत नाही. पण त्याआधी त्याला येण्याजाण्याचं एसटीचं भाडं द्या, म्हणजे पेन्शनर आणि सुखवस्तू यांच्यापलीकडचा माणूसही या कामात येऊ शकेल. शेतमजुराच्या मुलाला तांड्याची भाषा येते, पण नांदेडला जायला त्याच्या खिशात पैसे नसतात. त्याला लस द्या, पाच दिवसांचं शिक्षण द्या, एक खुर्ची आणि कुलूप लागणारा खण द्या. आणि त्यानं येऊन सांगितलं की अमुक वॉर्डात रात्री दिवे नसतात, बायांना न्हाणीघरात जायला भीती वाटते, तर त्यावर कुणीतरी सही करून उत्तर द्या. माझ्या माहितीतल्या स्वयंसेवकांपैकी काम सोडून गेलेले बहुतेक सगळे थकून गेले नव्हते. आपण सांगतो ते कुणी ऐकत नाही, म्हणून ते गेले.

1993 च्या 30 सप्टेंबरला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणपती बोळवून माणसं झोपली होती. लातूरला तेव्हा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं, ते 2002 चं. जखमी सोलापूरला गेले, अंबाजोगाईला गेले, लातूरच्या दवाखान्यांत भरले. त्या आठवड्यात मराठवाड्यातलं कुठलं गाव असं होतं की जिथून कुणी भाकरी बांधून निघालं नाही? मदतीला धावणं आपल्या रक्तात आहे, त्याची मला शंका नाही. ती धाव भूकंपाशिवाय, एखाद्या साध्या मंगळवारी, कशी टिकवायची एवढाच प्रश्न आहे.

आणि तो प्रश्न सोडवायला माहूरसारखी जागा नाही. राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला लाखो माणसं हा डोंगर फिरतात. नवरात्रात रेणुकेच्या पायऱ्यांवर रीघ असते, आणि दत्तजयंतीला शिखराची वाट वाहत असते. अनोळखी, दमलेल्या, दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्या माणसाला पाणी कुठे द्यायचं, फराळ कुठे द्यायचा, हरवलेलं पोर कुठे बसवायचं, शेवटची गाडी कुठून सुटते, हे इथल्या पोरांना शिकवावं लागत नाही. दवाखान्यात आलेला नातेवाईक असाच वाटेवरचा माणूस आहे, फक्त त्यानं ही वाट आपणहून धरलेली नसते.

म्हणून मी नांदेडला चला असं आधी म्हणत नाही. निम्मं काम इथेच आहे. गावातून 108 ची गाडी निघाली की मागे राहिलेल्या कुणीतरी त्या घरचं रेशनकार्ड आणि आधार शोधून त्याचा फोटो सोबत गेलेल्याच्या फोनवर पाठवायचा. सोबत कोण गेलं आणि त्याच्या खिशात किती आहे ते विचारायचं. नांदेड, यवतमाळ आणि आदिलाबाद, या तिन्ही ठिकाणी राहणारी, नोकरीला असलेली, शिकायला असलेली माहूरची माणसं कोण, त्यांचे नंबर एका कागदावर ग्रामीण रुग्णालयात आणि बसस्थानकावर लावायचे, अर्थात त्यांची परवानगी घेऊन. रुग्ण दगावलाच, तर शववाहिका कशी मिळते, हेही त्या कागदावर असावं. घरच्यांना त्या वेळी कुणाला विचारावं ते सुचत नाही.

संयोजकांनी माझ्या विनंतीवरून एक वही ठेवली आहे, बाहेर पडताना उजव्या हाताच्या टेबलावर आहे. नाव लिहिताना आठवड्यातला कुठला वार देता येईल तो लिहा. रक्तगट लिहा, आणि मे महिन्यात रक्त देणार असाल तर तसंही लिहा. गोंडी, कोलामी, गोरमाटी किंवा तेलुगू येत असेल तर ते नक्की लिहा. ज्यांनी स्वतः आजवर रुग्ण घेऊन विष्णुपुरीच्या किंवा यवतमाळच्या व्हरांड्यात रात्री काढल्या आहेत, त्यांनी नावापुढे तेवढी एक खूण करा. पहिल्या बैठकीला त्यांना आधी बोलवायचं आहे.